कोरड्या विहिरीची साक्ष

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला एक प्रसंग घडला. खडकांचे तीन प्रकार सांगून झाले होते आणि खनिज संपत्तीच्या धड्यास आम्ही आरंभ करीत होतो. इतक्यात निपाणीकडील एका खेड्यातून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, ‘सर, आमच्या बोअरला गॅस लागलाय.’ सारा वर्ग हसला. आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीही हसलो. ‘मग यापुढे तुमच्या घरी सिलिंडर नको!’ असा विनोद करून आम्ही धड्याकडे वळलो. मुलगा मुकाट्याने खाली बसला.

मधल्या सुट्टीत खरी हकीकत कळली. त्याच्या वडिलांनी पाण्यासाठी मारलेली ती तिसरी बोअर होती. पहिल्या दोन कोरड्या गेल्या, आणि तिसरीही सहाशे फुटांपर्यंत कोरडीच निघाली. मात्र तिच्या तोंडातून संध्याकाळच्या सुमारास फुसफुस असा आवाज येई. पाहावयास आलेल्यांपैकी कोणी म्हणाले, हा गॅसच. दुसरा म्हणाला, आणखी दोनशे फूट गेलात तर मोठा साठा लागेल आणि कंपनी सोन्याच्या भावाने जमीन घेईल. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होतेच. आता चौथ्या बोअरसाठी आईचे दागिने गहाण टाकावयाचे घरात चालले होते. त्या मुलाने वर्गात जे विचारले ते वडिलांना सांगण्याजोगे उत्तर मिळावे म्हणून विचारले होते. आम्ही त्याला उत्तर दिले नाही, एक कोटी तेवढी ऐकविली.

याचे कारण उघड होते. आम्हांस उत्तर ठाऊकच नव्हते. आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि आमचे घर समुद्राकाठचे, कोकणी बोलणारे. आमच्या घरच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेल्या आहेत. परंतु त्या चिऱ्याखाली काय असते, हे विचारण्याचे आमच्याही मनात कधी आले नव्हते. ज्या भूमीवर आपण जन्मतो, जिच्यावर घर बांधतो आणि जिच्यात कर्ज काढून भोके पाडतो, तिच्याविषयी इतके अज्ञान बाळगून आपण मुलांना भूगोल शिकवितो, हे त्या दिवशी प्रथमच बोचले. त्यानंतर काही आठवडे आम्ही जे वाचले, त्याचे सार येथे देत आहोत. आणि त्यावरून जे मत बनले तेही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहोत.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. घरातील सिलिंडरमध्ये असतो तो निराळा. त्यात प्रोपेन व ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूप करून भरलेले असतात. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून शहरातील नळांतून जाणाऱ्या वायूत उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा वायू जमिनीत कोठेही आपोआप उत्पन्न होत नाही. समुद्रात किंवा सरोवरात मरून तळाशी बसलेले सूक्ष्म जीव आणि नद्यांनी वाहून आणलेला पालापाचोळा चिखलात गाडला जातो. त्यावर गाळाचे थर साचत जातात. खोली वाढते तशी उष्णताही वाढते, आणि लक्षावधी वर्षांच्या मंद आचेवर त्या जैव द्रव्याचे प्रथम तेल व अधिक उष्णतेत वायू बनतो. म्हणून या शोधाचा आरंभ नेहमी गाळाच्या द्रोणीपासून होतो. पृथ्वीच्या पाठीवरील जो खोलगट भाग युगानुयुगे खचत गेला आणि गाळाने भरत राहिला, त्यास गाळाची द्रोणी म्हणावे.

परंतु द्रोणी असली म्हणजे वायू असतोच असे नाही. त्यास चार गोष्टी जुळून याव्या लागतात. वायू उत्पन्न करणारा चिखलाचा खडक हवा; तो साठवून धरणारा वालुकाश्म किंवा चुनखडीसारखा सच्छिद्र खडक हवा; वर त्याला अडविणारा अभेद्य थर हवा; आणि थरांची अशी घडी किंवा भेग हवी की वायू एका जागी कोंडला जावा. या चारांपैकी एक जरी चुकली, तरी वायू निर्माणच होत नाही, अथवा निर्माण होऊन निसटून जातो. भूमीच्या पोटात वायूची मोठी पोकळ गुहा असते ही समजूत अगदी चुकीची आहे. दगडाच्या कणाकणांमधील बारीक छिद्रांत तो भरलेला असतो, जसे ओल्या वाळूत पाणी.

या चारही गोष्टी जेथे जुळल्या, ते ठिकाण आपल्याच पश्चिम किनाऱ्यालगत आहे. 1956 मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली, 1958 मध्ये खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले, आणि मग अभ्यासकांची दृष्टी समुद्राकडे वळली. सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने समुद्रात कृत्रिम हादरे देऊन, तळाखालच्या थरांवरून परत येणारे त्यांचे प्रतिध्वनी नोंदविण्यात आले. त्या नोंदींवरून मुंबईच्या वायव्येस सुमारे 160 किलोमीटरवर सागरतळाखाली एक विशाल उंचवटा दिसला. 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने तेथे तेल शोधून काढले. 1976 च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी जवळच वसईचे वायुक्षेत्र सापडले. तेथील वायू सागरतळावरील नळांतून किनाऱ्यावर आणला जाऊ लागला.

आता विद्यार्थिमित्रांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण साऱ्या प्रश्नाचे मर्म तीत आहे. मुंबई हायच्या परिसरात तळाशी बहुतांशी आपल्या दख्खनचा काळा पाषाण आहे, आणि गाळ त्याच्या वर साचला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जे प्रचंड पूर आले, ते थिजून तो काळा पाषाण बनला. त्यानंतर किनाऱ्याकडील भाग समुद्राखाली खचला. त्यावर आधी चिखल व पालापाचोळा, मग चुनखडी, अशा राशी साचल्या. त्या नव्या राशींत वायू व तेल निर्माण झाले. आपल्या निपाणी भागात याच्या उलट रचना आहे. येथे काळा पाषाण वरच आहे. त्याच्यावर पिके देणारी काळी माती तेवढी आहे. गाळाचे थर असले तर ते त्याच्या खाली, आणि त्याच्याहून फार जुने. लाव्हा हा वितळलेल्या दगडाचा रस. त्यात जीव नाही, पालापाचोळा नाही, म्हणून त्या काळ्या दगडात वायू उत्पन्न होण्याचा संभवच नाही. एकावर एक पसरलेल्या थरांमुळे त्याला पायऱ्यांचे रूप येते. पायरीस स्वीडिश भाषेत जो शब्द आहे त्यावरून ‘ट्रॅप’ हे त्याचे नाव पडले. इंग्रजीत त्याच उच्चाराचा शब्द सापळा या अर्थाचा आहे म्हणून, दख्खन ट्रॅपमध्ये वायू कोंडलेला असेल असे कोणी समजू नये.

मग त्या पाषाणाखाली काय आहे? त्याचे थोडेसे दर्शन आपल्या जिल्ह्यातच घडते. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तो कडा लाव्हाचा नव्हे. वाळू साचून, दबून, कठीण झालेला तो वालुकाश्म आहे. सौंदत्तीचे डोंगर आणि मलप्रभेने कोरलेली नविलतीर्थाची खिंड याच कुळातील. ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने दक्षिण मराठा प्रदेश पायाखाली घालून 1876 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या कलादगी गावावरून या खडकांस नाव मिळाले. हे खडक पश्चिमेस काळ्या पाषाणाखाली दडतात आणि सिंधुदुर्गात मालवणच्या बाजूस पुन्हा डोके वर काढतात. गोकाकचा कडा आणि आमच्या कोकणातील तो दगड एकाच गोत्राचे आहेत हे वाचले, तेव्हा आम्हांस दूरच्या नातलगाची ओळख पटावी तसा आनंद झाला.

कलादगीची द्रोणी ही खरीखुरी गाळाची द्रोणी आहे. तिच्यात वालुकाश्म आहे, चिखलाचा खडक आहे, चुनखडीही आहे. मग वायू का नसावा? उत्तर तिच्या वयात आहे. हे थर साचले त्यास शंभर कोटींहून अधिक वर्षे लोटली. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हते, मासा नव्हता. शेवाळासारखे सूक्ष्म जीव तेवढे होते, आणि त्यांनी रचलेल्या थरांचे ठसे कलादगीच्या चुनखडीत आजही पाहावयास मिळतात. जैव द्रव्य मुळात थोडे. त्यानंतर इतका प्रदीर्घ काळ भूमी उचलली गेली, दुमडली, झिजली. कधी काळी काही निर्माण झाले असले तरी ते टिकून राहणे दुर्घट. तथापि अशक्य असे म्हणता येणार नाही. मध्य प्रदेशात दमोह जिल्ह्यातील हटा परिसरात विंध्य द्रोणीच्या अशाच अतिप्राचीन खडकांत वायू आढळला आहे. भारतात एकंदर 26 गाळाच्या द्रोणी मानल्या जातात व त्यांची तीन वर्गांत विभागणी केली आहे. मुंबईचा समुद्र पहिल्या वर्गात, विंध्य दुसऱ्यात, आणि आपली भीमा-कलादगी तिसऱ्यात, म्हणजे जेथे आशा केवळ अनुमानावर उभी आहे अशा वर्गात, मोडते.

काळ्या पाषाणाखाली पाहणे हे मोठ्या कष्टाचे काम आहे. वरून दिलेल्या हादऱ्यांच्या लहरी त्या थरांत विखुरतात आणि खालचे चित्र धूसर होते. शेवटी भोक पाडूनच पाहावे लागते. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीचा भीषण भूकंप झाला, त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे 617 मीटर खोल विवर पाडले. त्यात सुमारे 338 मीटर काळा पाषाण लागला, त्याखाली अवघा 8 मीटर गाळ, आणि मग थेट मूळचा प्राचीन खडक. पुढे कोयनेच्या परिसरातील एका विवरात 900 मीटरहून अधिक पाषाण भेदल्यावर गाळाचा थर न लागता एकदम तळखडकच आला. ही विवरे वायूसाठी नव्हती, भूकंपाच्या अभ्यासासाठी होती. पण त्यांनी या प्रश्नाचेही थोडे उत्तर दिले. किल्लारीस गाळ आहे, पण नाममात्र, कोयनेस नाही. पाषाणाखाली काय असेल ते गावोगाव बदलते, आणि तर्काने ते सांगता येत नाही.

समुद्राचीही तीच कथा. मुंबईसमोरील सागराने भरभरून दिले म्हणून मालवण, गोवा, कारवार यांच्यासमोरील सागरही देईल, असे वाटणे साहजिक आहे. त्यास केरळ-कोकण द्रोणी म्हणतात. तेथेही अनेक विहिरी खणल्या गेल्या, परंतु व्यापारी उत्पादनाजोगे अद्याप काही हाती आलेले नाही. आमच्या लहानपणी ‘आपल्याही दर्यात तेल आहे’ असे मोठी माणसे सांगत. ती आशा अजून आशाच आहे.

येथे कोणी म्हणेल, मग एवढा पैसा समुद्रात बुडविला, त्यातून काय मिळाले? आमचे मत याच ठिकाणी आहे. कोरडी विहीर ही वाया गेलेली विहीर नव्हे, जर तिची साक्ष लिहून ठेवली असेल तर. किती खोलीवर कोणता खडक लागला, त्यात छिद्रे होती की नाही, उष्णता किती होती, हे सर्व नोंदले जाते. त्याचे नमुने क्रमवार जपून ठेवले जातात. आणि पुढची विहीर मागच्या विहिरीच्या खांद्यावर उभी राहते. नॉर्वेच्या समुद्रात 1966 पासून विहिरीमागून विहिरी निराशा करीत गेल्या. 1969 च्या अखेरीस एकोफिस्कचे प्रचंड क्षेत्र सापडले, आणि त्या देशाचे दैव पालटले. यश एका विहिरीच्या नावावर लागले, तरी तिच्याआधीच्या विहिरींनी दिलेले ‘येथे नाही’ हे उत्तरही त्या यशाच्या पायाखाली होते.

आता आपल्या गावांकडे पाहावे. आपणही भोके पाडतो. किती, याची गणती नाही. कोणी हातावर नारळ ठेवून जागा दाखवितो, कोणी काटकी फिरवितो. यंत्र येते, रात्रभर धुरळा उडतो, सकाळी पाणी लागले तर पेढे आणि न लागले तर दैवास बोल. त्या यंत्राने सहाशे फुटांखालून जो दगडाचा चुरा वर आणला, जो पाहण्यासाठी आपण लाख रुपयांच्या घरात किंमत मोजली, तो पहिल्या पावसात वाहून जातो. शेजारी पुढील वर्षी शंभर पावलांवर तीच बोअर, त्याच अंधारात, पुन्हा मारतो. खर्च दोघांचा होतो. ज्ञान कोणाचेच वाढत नाही. सरकारी भूजल खाती निरीक्षण करतात हे खरे. पण शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने पाडलेल्या विवराची बहुतेक वेळा कोठेही ओळसुद्धा लिहिलेली नसते. आणि जेथे नोंद नसते तेथे अफवा पिकते. दाभोळहून बंगळुरास जाणारा वायूचा नळ 2013 पासून आपल्या बेळगाव जिल्ह्यातून गेला आहे. समुद्रातून काढलेला व परदेशांतून द्रवरूपात आणलेला वायू अशा नळांतून दूरदूर जातो. शेतांतून उभ्या असलेल्या त्याच्या खुणा पाहून, वायू इथल्याच भूमीत आहे असे भोळ्या माणसास वाटले, तर त्याला काय हसावे?

हे सर्व वाचून, एका रविवारी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. सांगावयाचे मनात जुळवून नेले होते. कोरड्या बोअरमधील फुसफुस ही बहुधा साधी हवा असते. बाहेरील हवेचा दाब उतरला की खडकाच्या भेगांतील हवा बाहेर येते, चढला की आत जाते. खात्री करावयाची तर तज्ज्ञाकडून तपासणी करवावी. तोंडाशी काडी पेटवून पाहू नये, कारण जळणारा वायू असलाच तर तो प्रयोग जिवावर बेतेल. जुन्या विहिरीत उतरण्याआधी तर शतवार विचार करावा. तळाशी साचलेल्या प्राणवायुरहित हवेने माणसे गुदमरून गेली आहेत. इतके सांगावयास आम्ही गेलो, पण उशीर झाला होता. चौथी बोअर मारून झाली होती. आठशे फूट, कोरडी. दागिने गेले होते. वडिलांनी आमचे शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणाले, ‘सर, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

निघताना मुलाने एक चतकोर वही पुढे केली. यंत्र चालू असता तो रात्रभर जागा होता, आणि आम्ही वर्गात शिकविलेले स्मरून त्याने लिहून ठेवले होते : चार फुटांपर्यंत काळी माती, तीसपर्यंत मुरूम, मग काळा दगड, दोनशे दहावर तांबडी माती, सहा फूट, पुन्हा काळा दगड, चारशे चाळीसवर पुन्हा तांबडी माती, पुढे आठशेपर्यंत काळा दगड. त्या मुलाने नकळत केवढी गोष्ट लिहिली होती! तांबडी माती म्हणजे दोन लाव्हापुरांच्या मधला विश्रांतीचा काळ. एक थर थिजला, ऊनपावसाने त्याचा माथा कुजून लाल झाला, आणि मग दुसरा पूर आला. आठशे फुटांत गाळाचा खडक कोठेही नाही. जे आम्हांस पुस्तकातून कळले, ते त्याच्या वहीत दगडाच्या मुखातून उतरले होते. तिसऱ्या बोअरच्या वेळी अशी वही असती आणि ती वाचणारा कोणी जाणता शिक्षक असता, तर कदाचित चौथी पडली नसती.

म्हणून आमची सूचना आहे. आपल्या शाळेत एक विहीर-वही असावी. ज्याच्या शेतात किंवा आळीत बोअर पडेल, त्या विद्यार्थ्याने दर वीस फुटांवर चुरा कोणत्या रंगाचा आला, ओल कोठे लागली, पाणी लागले की नाही, हे लिहून आणावे. चिमूटभर चुरा कागदाच्या पुडीत बांधून तीवर खोली लिहावी. याने वायू सापडणार नाही, हे आम्ही आधीच सांगतो; पाणीही आपोआप वाढणार नाही. काही पालक म्हणतील, परीक्षेत याला गुण किती? एकही नाही. कोणी म्हणेल, मुलांच्या नोंदींत चुका होतील. होतील, पण चुकीची नोंद ताडून पाहता येते, नसलेली नोंद ताडता येत नाही. दहा वर्षांनी या वहीत शेकडो पाने झाली, तर एखाद्या शेतकऱ्यास जागेची निवड करण्यापूर्वी ती उघडून पाहता येईल, आणि भूगर्भशास्त्र जाणणाऱ्यास काही आधार मिळेल. आपल्या मुलांपैकी कोणी ते शास्त्र शिकावयास गेला, तर त्याचा पहिला धडा त्याच्याच गावच्या दगडावर झालेला असेल.

शिक्षकांनीही एक पथ्य पाळावे, आणि ते आम्ही प्रथम स्वतःला लावून घेत आहोत. मुलाने विचारलेले ठाऊक नसेल तर ‘पाहून सांगतो’ म्हणावे, आणि खरोखरच पाहून, वेळेवर सांगावे.

वही भूगोलाच्या कपाटात ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या मुलाच्या चौथ्या बोअरची नोंद, त्याच्याच अक्षरात, उतरून घेतली आहे. दुसरे पान कोरे आहे.